वाचलेल्या पोरीचं पुढं काय?

स्लॅशर कादंबरीच्या, म्हणजे मुखवट्यातला खुनी एकेकाला गाठून मारतो अशा गोष्टीच्या, पहिल्या भागाचं काम सोपं असतं. दहा पोरं, एक मुखवटा, एक रात्र. कोण मरणार आणि कोण राहणार एवढाच प्रश्न, आणि शेवटच्या पानावर त्याचं उत्तर रक्ताळलेल्या कपड्यांत, अनवाणी, डांबरी रस्त्यावर चालत येतं. दुसरा भाग उघडतो तेव्हा हे उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. मग उरतात ते बारके प्रश्न. ती पोर आता जेवते का? झोपते का? परीक्षेला बसते का? किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या स्लॅशर कादंबऱ्यांचे दुसरे भाग बहुतेक इथंच अडखळतात आणि वाचकही इथंच फुटतात. एका गटाला पुन्हा तीच रात्र हवी असते, दुसऱ्याला त्या रात्रीनंतरची सकाळ.

मराठी वाचकाला मालिकेची सवय जुनी. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड दर पुस्तकात ताजातवाना उभा राहायचा. नारायण धारपांचे समर्थ एका घरावरचं अरिष्ट निवारून पुढच्या घरी जायचे, मागच्या घराचं ओझं त्यांच्या खांद्यावर फारसं दिसायचं नाही. हा दोष नव्हे, त्या घडणीची ती अटच होती: नायक टिकाऊ, संकट नवं. स्लॅशरच्या दुसऱ्या भागात नेमकं उलटं होतं. संकट तेच, मुखवटा तोच, आणि झिजलेली असते ती नायिका. मालिका समजून पुस्तक हातात घेतलेला वाचक म्हणूनच पहिल्या सत्तर पानांत वैतागतो. “एवढी रडायलीय कशाला की, पळ की आता!” हा सूर बेळगावच्या कॉलेजकट्ट्यावर सहज निघेल, आणि तो अगदीच चुकीचा नसतो.

अलीकडचं ठळक उदाहरण ‘क्लाउन इन अ कॉर्नफील्ड’चं. पहिला भाग २०२० मध्ये आला आणि भयसाहित्यासाठी दिला जाणारा ब्रॅम स्टोकर पुरस्कार, त्या वर्षीचा किशोर कादंबरीचा, त्याला मिळाला. दुसरा, ‘फ्रेंडो लिव्ह्ज’, २०२२ मध्ये. तिसरा २०२४ मध्ये. २०२५ मध्ये पहिल्या भागावर चित्रपटही निघाला. गाव अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातलं केटल स्प्रिंग्ज, भोवती मक्याची शेतं, बंद पडलेला कॉर्न सिरपचा कारखाना आणि त्या कारखान्याचं बोधचिन्ह असलेला विदूषक. (पहिला भाग वाचायचा असेल तर पुढची दोन वाक्यं सोडा.) मुखवट्यांमागे कुणी भूतबीत नव्हतं, गावातलीच मोठी माणसं होती. ही नवी पोरं गावाला बुडवणार, त्यांना एकदाचं छाटून टाकू, हा त्यांचा हिशेब.

दुसऱ्या भागात वाचलेली क्विन फिलाडेल्फियाला कॉलेजात गेलेली आहे. तिचा पाठलाग आधी विदूषक करत नाही, आवई करते. ते हत्याकांड झालंच नाही, झालं असेल तर क्विननंच केलं, पोरांनी मोठ्यांना गोवलं, असं मानणारी माणसं इंटरनेटवर जमतात, वाढतात, आणि एक दिवस मुखवटा घालून दारात येतात. कादंबरीची ही कल्पना मला पहिल्या भागापेक्षा जास्त धारदार वाटते. पहिल्या भागात गाव मुलांना मारतं. दुसऱ्यात गावाबाहेरचं अख्खं जग सांगतं की तुम्हाला कुणी मारलंच नव्हतं.

वाचकांची मतं मात्र दोन्हीकडे गेली. पट मोठा झाला, पात्रांना मार लागल्याची खूण राहिली, म्हणून काहींना ती आवडली. काहींना राजकारण फार उघड वाटलं, भीतीची जागा धावपळीनं घेतली असं वाटलं, आणि मक्याच्या शेतातला तो कोंडलेला श्वास परत सापडला नाही. या दुसऱ्या तक्रारीत तथ्य आहे. कट जितका पसरतो तितका मुखवटा पातळ होतो. एक माणूस कुठं आहे हे माहीत नसणं भयानक. शंभर माणसं कुठं आहेत हे माहीत असणं ही दंगल झाली, आणि दंगलीची भीती वेगळी.

दुसरा भाग कसा काढायचा याच्या दोन जुन्या वाटा सिनेमानं एकाच वर्षी, १९८१ मध्ये, दाखवून ठेवल्या. ‘हॅलोविन’चा दुसरा भाग त्याच रात्री सुरू होतो: जखमी मुलगी इस्पितळात, खुनी तिच्या मागावर. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या दुसऱ्या भागानं पहिल्यातून वाचलेल्या मुलीला सुरुवातीलाच मारून टाकलं आणि पाटी कोरी केली. पहिल्या भागातला खुनी मुळात वेगळाच होता, आणि ज्या हॉकीच्या मुखवट्यावरून लोक आज तो सगळा प्रकार ओळखतात तो तर तिसऱ्या भागात, १९८२ मध्ये आला. म्हणजे दुसरा भाग नुसती शेपूट नसतो. कधीकधी मूळ आकृती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच सापडते.

किशोर कादंबरीला या दोन्ही वाटा जड जातात. वाचलेली मुलगी पहिल्या पंधरा पानांत मारली की वाचक पुस्तक मिटतो. तिच्या डोक्यात बसून त्यानं साडेतीनशे पानं काढलेली असतात, सिनेमातल्यासारखं नुसतं लांबून पाहिलेलं नसतं. त्याच रात्रीची पुढची कथा एका पुस्तकाला पुरत नाही. म्हणून बहुतेक लेखक तिसरी वाट धरतात, वर्ष-दोन वर्षांची उडी. या उडीचा एक फायदा सहसा कुणी बोलून दाखवत नाही: पहिला भाग पंधराव्या वर्षी वाचलेला वाचक दुसरा येईपर्यंत सतरा वर्षांचा झालेला असतो. नायिकेचं वय आणि त्याचं वय बरोबरीनं सरकतं. पंधराव्या वर्षी चाकू महत्त्वाचा वाटतो. सतराव्या वर्षी, माझ्यावर कोण विश्वास ठेवील, हे महत्त्वाचं वाटतं.

या प्रकाराच्या मुळाशी एक अस्वस्थ करणारी गोष्टही आहे. लोइस डंकन यांची ‘आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर’ ही कादंबरी १९७३ ची. त्यात आकडा घेऊन फिरणारा खुनी नाहीच. तो १९९७ च्या चित्रपटानं घातला. लेखिकेला तो बदल अजिबात रुचला नाही, कारण दरम्यान, १९८९ मध्ये, तिच्या स्वतःच्या मुलीचा खून झाला होता. किशोरांसाठी रक्त किती दाखवावं हा वाद निघाला की हे प्रकरण आठवणं बरं. आक्षेप बहुधा रक्ताला नसतो. त्या रक्तामागं कुणी रडणारं ठेवलं आहे की नाही, हा प्रश्न असतो.

आता आपल्याकडं येऊ. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातला किशोर वाचक विचित्र जागी उभा आहे. घरात मराठी, शाळा मराठी किंवा इंग्रजी, पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) इंग्रजी, बसवरची पाटी कन्नड. भीतीचं वाचन मराठीत करायचं तर ते मोठ्यांच्या कपाटातलं: धारप, मतकरी. फार चांगलं, पण त्यातली माणसं नोकरदार, बिऱ्हाडकरू, वाड्यात राहायला आलेली. सोळा वर्षांच्या मुलीचं सोळा वर्षांचं डोकं हवं असेल तर इंग्रजी पुस्तक उघडावं लागतं. मग तिथलं प्रॉम, लॉकर, तळघर, घरात पिस्तूल हे सगळं मान्य करून ती वाचते. वाचून झाल्यावर मात्र विचारते, हे आपल्याकडं का होत नाही?

होऊ शकतं. पण नाव-गाव बदलून नाही होत. पहिली अडचण एकांताची. बेळगावच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घर आहे. किंकाळी सोडा, कुकरची शिट्टी कितवी हे शेजारणीला माहीत असतं. रात्री दहानंतर बाहेर असलेल्या मुलीला आईचे दर दहा मिनिटांनी फोन येतात. खुन्याला हे सगळं ओलांडावं लागेल. म्हणून पहिला भाग शहराबाहेरच घडायला हवा, आणि जागा तयार आहे: खानापूर तालुक्याचा पश्चिमेचा पट्टा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडचा रस्ता. जुलैतला पाऊस, गेलेली वीज, दरीत उतरलं की गेलेली रेंज. धबधबा बघायला निघालेली दहा पोरं. यात मराठी घरातली, कन्नड घरातली, कोकणी, उर्दू बोलणारी अशी सरमिसळ असणार, कारण इथल्या कुठल्याही वर्गात ती असते. मुद्दाम घालायची गरज नाही.

आणि इथं एक संशयित निसर्गानंच ठेवला आहे: अस्वल. खानापूरच्या रानात अस्वलं आहेत, माणसांवर हल्लेही होतात. अस्वल बहुधा डोक्या-चेहऱ्यावर झडप घालतं, नखांची समांतर फाड पडते, कातडी ओढली जाते. धारदार पात्याच्या जखमेच्या कडा स्वच्छ असतात, आणि वार चुकवताना माणूस हात पुढे करतो म्हणून तळहातावर, बोटांवर काप पडतात. पहिले दोन मृत्यू अस्वलाच्या नावावर जावेत आणि तिसऱ्या मृताचा तळहात बघून एकीला कळावं. पहिल्या भागाला एवढं पुरे. तो इथं विस्तारानं मांडण्यात अर्थ नाही. खरी मेहनत दुसऱ्याला आहे.

पहिली रात्र जुलै २०२३ ची धरू. वाचलेली मुलगी तेव्हा सोळाची, पीयूसीचं पहिलं वर्ष. खुनी तिच्याच वर्गातला, सतराचा. दुसरा भाग डिसेंबर २०२५ मध्ये: ती अठरा पूर्ण, डिग्रीच्या पहिल्या वर्षाला. या तारखा उगाच निवडलेल्या नाहीत. मधे, १ जुलै २०२४ ला, भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. पहिल्या रात्रीचे खून कलम ३०२ खाली राहतील, दुसऱ्या भागातले कलम १०३ खाली नोंदले जातील. एकाच मुखवट्यावर दोन वेगवेगळ्या कायद्यांखाली गुन्हे. लेखकानं ३०२ ची सवय म्हणून दोन्हीकडे तेच लिहिलं, तर कायदा शिकणारा एखादा वाचक तिथंच पुस्तक बंद करील.

त्याहून उपयोगी आहे बाल न्याय कायदा, २०१५. त्याच्या कलम ७४ प्रमाणे अल्पवयीन बळी, साक्षीदार किंवा आरोपीचं नाव, पत्ता, शाळा, फोटो छापता येत नाही. म्हणजे वर्तमानपत्रात ती कायम “एक १६ वर्षीय मुलगी”. गावाला मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं ती कुणाची कोण. छापील नाव नाही, म्हणून खुलासाही नाही. कुणी तिची बाजू नावानिशी मांडू शकत नाही आणि कुजबुज करणाऱ्याला नावाची गरजच नसते. फिलाडेल्फियातल्या क्विनचं नाव साऱ्या जगाला माहीत असतं, तो तिचा छळ. इथल्या मुलीचं नाव कुठंच नसतं, हा हिचा.

कुजबुजीला कागदही मिळतो. फिर्याद तिनं मराठीत सांगितली, ठाण्यात ती कन्नडमध्ये लिहिली गेली, वाचून दाखवली, भिजलेल्या कपड्यांत बसून तिनं सही केली. रात्री किती वाजता ती झाडावरून उतरली, यात अर्ध्या तासाचा फरक आहे. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पहाटेचे चार वाजले होते आणि सगळे दमले होते. पण त्या अर्ध्या तासात काय झालं, तेव्हा ती कुठं होती, या प्रश्नावर अडीच वर्षांनी एक व्हॉट्सॲप ग्रुप जगतो आहे. फरक एवढाच ठेवावा. तीन-चार विसंगती पेरल्या की मुलगीच संशयित ठरते आणि कथा भलतीकडे जाते.

आवईनं माणूस मरतो हे या भागात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावानं ठार केलं. त्याच महिन्यात बीदर जिल्ह्यात एकाचा जीव गेला. सीमेच्या दोन्ही अंगांना मेसेज तेच फिरत होते. दुसऱ्या भागाचा खुनी याच मातीतला असावा: पहिल्या खुन्याचा भाऊ नको, बाप नको. “आमच्या पोराला अडकवलं” हे ऐकून ऐकून पेटलेला, त्या कुटुंबाशी काडीचाही संबंध नसलेला कुणीतरी. वाचकांची मोठी तक्रार असते की दुसऱ्या भागातला खुनी नेहमी पहिल्याचा नातेवाईक निघतो. नातं हे कारण म्हणून स्वस्त आहे. आवईवरची श्रद्धा हे कारण महाग आहे; ते पटवायला पानं खर्चावी लागतात.

इथं एक मोह होईल, तो टाळलेला बरा: सीमाप्रश्न खुन्याच्या तोंडी देण्याचा. १९५६ पासूनची ही जखम, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे सगळं इथल्या घराघरात आहे. पण खुन्याचा हेतू म्हणून ते घातलं की वाचक पहिल्या प्रकरणातच हिशेब मांडतो, मुखवट्याखालचा माणूस कोणत्या भाषेचा? मराठी निघाला तर इकडचा वाचक दुखावतो, कन्नड निघाला तर पुस्तक पत्रक होतं. ‘फ्रेंडो लिव्ह्ज’च्या वाचकांना जे उघड वाटलं ते इथं दसपट उघड वाटेल. सीमा वापरायची तर पायाखालची वापरावी. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं निघालं की थोड्याच वेळात शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. ११२ लावला तर फोन कोणत्या राज्याच्या कक्षात जाईल हे जवळच्या टॉवरवर ठरू शकतं. न्याय संहितेबरोबरच आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घ्यावा लागतो, त्यामुळं “आमच्या हद्दीत येत नाही” हा संवाद आता कायद्यानं खोटा आहे. पण नोंद होणं वेगळं आणि गाडी निघणं वेगळं. भीतीला ती वीस मिनिटं पुरतात.

मुखवटा मात्र बेळगावचाच हवा, आणि तो आयता आहे. ३१ डिसेंबरला इथं ‘ओल्ड मॅन’ जाळतात. सरत्या वर्षाचा म्हातारा. कॅम्प भागात शेवटच्या आठवड्यात पोरं हे पुतळे तयार करून रस्त्याकडेला विकायला उभे करतात: काठ्यांचा सांगाडा, गवत नाहीतर कागदाचा भराव, जुनी पँट, जुना कोट, वर मुखवटा. बारा वाजले की चौकाचौकांत पेटतात, आणि फटाक्यांच्या आवाजात किंकाळी सहज बुडते. एका रांगेत दहा म्हातारे उभे आहेत आणि त्यांतला एक गवताचा नाही, याहून सोपी आणि याहून भयंकर प्रतिमा आयात करायची गरज नाही.

चुका इथंही होतात. खुन्याला पुतळ्याच्या आत लपवायचं नाही. तो पेटवण्याचीच वस्तू आहे, आतला माणूस शहाणा असेल तर आत जाणार नाही. त्यानं फक्त रांगेत उभं राहायचं. गवताचा म्हातारा काठीला बांधलेला, खांदे पुढं पडलेले, पायाचे पंजे लोंबते. माणूस कितीही स्थिर उभा राहिला तरी टाचेवर वजन असतं. बघणाऱ्या मुलीनं बुटांकडं बघावं, चेहऱ्याकडं नाही. तोंडातून निघणारी वाफ हा घासून गुळगुळीत झालेला पुरावा इथं चालत नाही. बेळगावात डिसेंबरच्या रात्री पारा १४-१५ अंशांच्या आसपास असतो, तेवढ्या थंडीत वाफ सहसा दिसत नाही. आणि या रात्री फोनची रेंज घालवायची नाही. शहर आहे, रेंज फुल आहे. उलट फोन सतत वाजत राहू दे: दोनशे ‘हॅपी न्यू इयर’च्या खाली गाडला गेलेला एक मेसेज, “तू कुठं आहेस? तो रांगेत आहे”. पहिल्या भागात मदत मागता येत नव्हती. दुसऱ्यात मागता येते, पण कुणी वाचत नाही.

पाठलागासाठी शहराचा नकाशा प्रामाणिक ठेवला की निम्मं काम होतं. टिळकवाडीत रेल्वेचं गेट पडलं की दुचाकी थांबते, पायी माणूस खालून वाकून जातो. म्हणजे गेट पडलेलं असताना पळणारी मुलगी गाडीवरच्या खुन्यापेक्षा वेगवान आहे, आणि रेल्वे निघून गेली की तो फायदा संपला. बेळगाव ते खानापूर २५-२६ किलोमीटर. साडेअकराला कॅम्पात दिसलेला माणूस पावणेबाराला खानापुरात वार करू शकत नाही. केलाच, तर खुनी दोन आहेत, आणि दोन असतील तर ते लेखकाला पहिल्या पानापासून माहीत हवं. खुन्याचं वेळापत्रक वेगळ्या वहीत लिहून ठेवणं हा एकच उपाय: वेळ, ठिकाण, वाहन, त्या वेळी तो कुठं असल्याचं इतरांना वाटतं. वाचक दुसऱ्यांदा वाचताना हीच वही मनात तयार करतो आणि भोक सापडलं की माफ करत नाही.

शेतातला प्रसंग हवाच असेल तर तो मक्यात नको. खरिपाचा मका ऑक्टोबरपर्यंत निघालेला असतो. डिसेंबरात उभा असतो ऊस, आणि तोडणीही चालू असते, म्हणजे फडात कोयता असण्याला कारण लागत नाही. पण उसात पळणं ही सिनेमातली चैन आहे. आठ-दहा फूट उंच, वाकलेला, सरीत पाचट साचलेलं. पाचट वाजतं. लपणाऱ्याचं वाजतं तसं शोधणाऱ्याचंही वाजतं, म्हणून दोघंही थांबतात आणि पहिला कोण हलतो याची वाट बघतात. पाल्याच्या कडा उघड्या हातांना, गालांना कापतात. पाणी नुकतंच पाजलं असेल तर चप्पल सरीत राहते. पळापळीपेक्षा हे थांबणं लिहिता आलं पाहिजे; दोन पानं, फार तर तीन.

जखमांचा हिशेबही चुकतो. साठ किलोच्या माणसात रक्त साधारण चार-साडेचार लिटर. त्यातलं चाळीस टक्के गेलं की तातडीचे उपचार नसतील तर माणूस बहुधा वाचत नाही. त्याच्या बरंच आधी तो फिकट, गार, गोंधळलेला होतो. पोटात वार खाल्लेली मैत्रीण तीन जिने चढून खुन्यावर झेप घेते, हे पहिल्या भागात खपतं. दुसऱ्या भागात वाचक इस्पितळातून आलेला असतो, त्याला टाके, ड्रेसिंग, ताप हे सगळं दाखवून झालेलं असतं. त्याला आता फसवता येत नाही.

पानांची वाटणी हा सगळ्यांत भांडणाचा विषय. साडेतीनशे पानांच्या दुसऱ्या भागात पहिला मृत्यू पंधराव्या पानाच्या आत आणि पुढचा थेट शंभरीला, अशी रचना वारंवार दिसते. मधला भाग ‘सावरण्याचा’. तक्रार इथली असते, आणि उपाय मृत्यू वाढवणं हा नाही. सावरणं हेच भयाचं साधन करावं लागतं. आघाताची लक्षणं महिना उलटूनही राहिली तर वैद्यक त्याला वेगळं नाव (पीटीएसडी) देतं: तोच प्रसंग परत घडत असल्यासारखं वाटणं, दचकणं, झोप उडणं, त्या जागेची वाट टाळणं. आपल्या मुलीला अंधाराची भीती वाटू नये, ते फार सोपं होईल. तिला भिजलेल्या रेक्झिनचा वास सहन होऊ नये, कारण त्या रात्री ती टेम्पोच्या सीटखाली होती. पावसाळाभर ती बसमध्ये चढत नाही. घरचे म्हणतात हट्टी झालीय. कुणी तरी चेष्टेत “धारवाडला दाखवा” म्हणतं. मानसिक आजारांचं इस्पितळ तिथं आहे, या पट्ट्यात त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर तिनं फोनमध्ये ‘लायब्ररी’ या नावानं सेव्ह केलेला असावा. एवढं आलं की पुढच्या वेळी ती दचकली तर वाचकाला कळत नाही, हे आजाराचं आहे की खरंच कुणी आहे. मधल्या ऐंशी पानांचा ताण तिथून येतो.

खुन्याचे तीन धागे साधारण १२० व्या पानापर्यंत पेरलेले हवेत आणि प्रत्येकाला दुसरं निरागस कारण हवं. उशिरा आणलेलं नवं पात्र खुनी ठरलं की वाचक ‘फसवलं’ म्हणतो. पहिल्यापासून जास्तच गोड वागणारा खुनी ठरला की ‘कळलं होतं’ म्हणतो. दोन्हींच्या मधली पट्टी अरुंद आहे. माझं मत, खुनी मदतीच्या कामात असावा. ग्रुपवर तिच्या बाजूनं भांडणारा, तिला कोर्टाच्या तारखेला गाडीवर सोडणारा. त्याला ती खोटारडी आहे असं मनापासून वाटतं आणि पुरावा जवळून गोळा करायचा आहे.

आईवडिलांबद्दल इथला वाचक तिकडच्यापेक्षा कडक आहे. अमेरिकी पुस्तकात पालक रात्रभर गायब असले तरी चालतं. बेळगावात आई ३१ तारखेला रात्री बाराला पोरीला एकटी सोडत नाही; पहिल्या रात्रीनंतर तर नाहीच. तिला बावळट दाखवून किंवा गावाला पाठवून सुटका करून घेतली की इथल्या मुली ते पान ओलांडत नाहीत. आईला कथेत घ्यावंच लागेल, आणि घेतल्यावर तिला काम द्यावं लागेल. रांगेतल्या म्हाताऱ्याचे बूट आधी तिनंच ओळखले तर? घरी दोनदा चहाला येऊन गेलेले बूट.

शेवटी खुनी जिवंत ठेवावा का, यावर वाचकांत कधीच एकमत होत नाही. तिसऱ्या भागासाठी ठेवलेलं उघडं दार त्यांना लगेच ओळखू येतं आणि आवडत नाही. या कथेत मात्र ते दार लेखकाला ठेवावं लागत नाही, कायद्यानंच ठेवलं आहे. पहिला खुनी, तो सतरा वर्षांचा वर्गमित्र, सोळा ते अठरामधला म्हणून बाल न्याय मंडळापुढं गेला; गुन्हा अघोर, त्यामुळं प्राथमिक मूल्यमापन होऊन प्रकरण बाल न्यायालयाकडं. शिक्षा झाली तरी एकवीस पूर्ण होईपर्यंत तो सुरक्षित स्थानी राहील. मग कलम २० प्रमाणे न्यायालय तपासून बघेल, पोरगा सुधारला का? सुधारला असेल तर सोडता येतं, नसेल तर उरलेली शिक्षा तुरुंगात. तो एकवीसचा होतो २०२७ मध्ये. ती तेव्हा वीस वर्षांची असेल, डिग्रीच्या शेवटच्या वर्षाच्या आगेमागे, आणि त्याच्या सुधारणेच्या अहवालात तिचं नाव छापता येणार नाही.